कॅनडातल्या फेसबुकवर बातमी का दिसत नाही?

मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने इन्स्टाग्रामवर पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या दैनिकाचे पान शोधले, तर पान सापडते, त्याचे नाव आणि बोधचिन्हही दिसते. पण त्याखाली बातम्यांऐवजी एक छोटी सूचना येते. कॅनडा सरकारच्या कायद्यामुळे कॅनडातील लोकांना येथे बातम्यांचा मजकूर पाहता येणार नाही, असा तिचा आशय असतो. पहिल्यांदा ती पाहणाऱ्याला वाटते की दैनिकाने परदेशी वाचकांसाठी दार लावून घेतले असावे, किंवा सप्टेंबर २०२३ पासून भारत आणि कॅनडा यांच्यात जे बिनसले त्याचा हा परिणाम असावा. दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. भांडण आहे ते कॅनडाचे सरकार आणि फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा यांच्यात, आणि त्याचा भारताशी काडीचाही संबंध नाही. मात्र मेटाने बंदी घालताना केवळ कॅनडातल्या वृत्तसंस्था वगळल्या नाहीत, तर जगातली कोणतीही वृत्तसंस्था कॅनडातल्या वाचकाला दिसणार नाही अशी व्यवस्था केली. म्हणून कोल्हापूरच्या पुराची बातमी टोरांटोतल्या माणसाला फेसबुकवर वर्तमानपत्राच्या पानावरून मिळत नाही. ती मिळते मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबगटात टाकलेल्या दुव्यावरून, कारण तिथे ही बंदी लागू केलेली नाही.

हा प्रकार नीट समजण्यासाठी आधी पैशांचा प्रश्न पाहावा लागतो. वर्तमानपत्र फक्त वाचकाने मोजलेल्या किमतीवर कधीच चालत नव्हते; ते जाहिरातींवर, त्यातही छोट्या जाहिरातींवर चालत होते. या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींचा फार मोठा वाटा दोनच कंपन्यांकडे गेला. कॅनडा सरकारच्या सांगण्यानुसार देशातल्या ऑनलाइन जाहिरातींच्या उत्पन्नापैकी सुमारे ८० टक्के गूगल आणि मेटा यांच्याकडे जाते. दुसरीकडे, २००८ पासून कॅनडात चारशेंहून अधिक स्थानिक वृत्तसंस्था बंद पडल्या किंवा दुसऱ्यात विलीन झाल्या. मोठ्या कंपन्यांनाही याची झळ लागली. बेल या दूरसंचार कंपनीने जून २०२३ मध्ये १,३०० पदे कमी केली आणि त्यात तिच्या वृत्तविभागाचाही समावेश होता. बातमी गोळा करणारा माणूस उपाशी आणि बातमीभोवती जमलेल्या गर्दीला जाहिराती दाखवणारा तृप्त, असे हे चित्र होते, आणि सरकारला ते बदलायचे होते.

त्यासाठी आणलेले विधेयक सी-१८ या नावाने ओळखले जाते. २२ जून २०२३ रोजी त्याला राजमान्यता मिळून ‘ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला आणि १९ डिसेंबर २०२३ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याचा गाभा असा: ज्या कंपनीचे जगभरातले वार्षिक उत्पन्न १०० कोटी कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक आहे आणि जिच्याकडे महिन्याला किमान २ कोटी कॅनेडियन वापरकर्ते येतात, अशी शोधयंत्र किंवा समाजमाध्यम चालवणारी कंपनी जर लोकांना बातम्या ‘उपलब्ध करून देत’ असेल, तर तिने त्या बातम्यांच्या निर्मात्यांशी वाटाघाटी करून मोबदला द्यावा, आणि वाटाघाटी फिसकटल्या तर लवादाचा निर्णय मानावा. नियमांची भाषा सर्वसाधारण असली तरी या मापात बसणाऱ्या कंपन्या व्यवहारात दोनच होत्या, आणि त्या कोणत्या हे सर्वांना माहीत होते.

सगळा वाद ‘उपलब्ध करून देणे’ या शब्दांत दडलेला आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार बातमीचा मजकूर उतरवून छापणे म्हणजे उपलब्ध करून देणे, हे तर झालेच. पण बातमीपर्यंत पोहोचण्याची सोय करणे, म्हणजे यादीत दाखवणे, क्रम लावणे किंवा नुसता दुवा देणे, हेही त्यातच मोडते. इथे सरकारचा आणि कंपन्यांचा मार्ग वेगळा झाला. चहाच्या टपरीवर मालक वर्तमानपत्र ठेवतो, गिऱ्हाइके ते चाळत दोन कप जास्त चहा पितात, आणि त्यातले काही जण दुसऱ्या दिवसापासून तेच वर्तमानपत्र घरी लावतात. सरकार म्हणाले, चहा जास्त खपतो तो वर्तमानपत्रामुळे, तेव्हा टपरीवाल्याने पैसे द्यावेत. टपरीवाला म्हणाला, मी तुम्हाला फुकट गिऱ्हाइके मिळवून देतो, माझे गिऱ्हाईक चहासाठी येते, आणि पैसेच द्यायचे असतील तर उद्यापासून वर्तमानपत्र ठेवतच नाही. मेटाने नेमके हेच केले. आपल्या वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरात बातम्यांचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी आहे, असे ती कंपनी आधीपासूनच सांगत होती. १ ऑगस्ट २०२३ रोजी तिने कॅनडात बातम्या बंद करायला सुरुवात केली. यात कायदाभंग कुठेही नव्हता. जो बातम्या उपलब्ध करून देतो त्यानेच पैसे द्यायचे असतील, तर ज्याने त्या देणेच बंद केले त्याच्यावर कायदा लागू होत नाही. पळवाट म्हणावी तर ती कायद्याच्या पहिल्याच अटीत होती.

हे होणार नाही अशी सरकारची समजूत होती आणि तिला एक आधारही होता. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये असाच नियम आणला तेव्हा फेसबुकने फेब्रुवारीत तिथल्या बातम्या बंद केल्या, आठवडाभराने सरकारने मसुद्यात काही बदल केले आणि बातम्या परत आल्या. कॅनडातही दोन पावले मागे-पुढे होऊन प्रकरण मिटेल, असे ओटावातल्या मंडळींनी धरले होते. सरकारने जुलै २०२३ मध्ये मेटाच्या व्यासपीठांवर दिल्या जाणाऱ्या आपल्या जाहिराती थांबवल्या, त्याही मेटाच्या दृष्टीने किरकोळ. मात्र मधल्या दोन वर्षांत कंपनीचे गणित बदलले होते. बातम्या दाखवल्या की राजकीय भांडणे अंगावर येतात, टीका होते, आणि उत्पन्न तर छोट्या नाचगाण्यांच्या चित्रफितींतूनही मिळते, हे तिला कळून चुकले होते. जो माणूस उठून जायला तयार आहे त्याच्याशी सौदा करताना त्याला ‘जाऊन दाखव’ म्हणू नये, एवढे व्यवहारज्ञान या कायद्याच्या रचनेत कमी पडले असे माझे मत आहे.

गूगलने वेगळा मार्ग घेतला. शोधयंत्रातून बातमी काढून टाकणे म्हणजे स्वतःच्या दुकानातला मुख्य माल काढणे, त्यामुळे तिला तडजोड परवडणारी होती. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारशी समझोता झाला: गूगल दर वर्षी १० कोटी कॅनेडियन डॉलर देईल, ही रक्कम महागाईप्रमाणे वाढेल, आणि प्रत्येक वर्तमानपत्राशी स्वतंत्र वाटाघाटी करण्याऐवजी ती एका सामायिक संस्थेमार्फत वाटली जाईल. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने दोन्ही कंपन्यांकडून मिळून वर्षाला सुमारे ३३ कोटी डॉलर येतील असा अंदाज बांधला होता, त्याच्या तुलनेत ही रक्कम तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे.

इथपर्यंत हा सगळा कागदावरचा वाद वाटतो. तो रस्त्यावर आला तो बंदी लागू झाल्यावर पंधरवड्याने. वायव्य प्रदेशांची राजधानी यलोनाइफ हे उत्तरेकडचे, सुमारे २०,००० वस्तीचे शहर. १६ ऑगस्ट २०२३ रोजी वणवा जवळ येत असल्याने संपूर्ण शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला. शहराबाहेर जाणारा मुख्य रस्ता एकच, गाड्यांच्या रांगा, धूर, आणि प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न: पुढचा पेट्रोल पंप उघडा आहे का, आग कुठवर आली, कोणाला कुठे नेत आहेत. अशा लहान गावांत लोक बातमी शोधायला संकेतस्थळावर जात नाहीत, ते गावाच्या फेसबुक गटात जातात, कारण शेजारीपाजारी तिथेच असतात. तिथे ‘केबिन रेडिओ’ या स्थानिक वृत्तसंस्थेचा ताज्या माहितीचा दुवा चिकटवायला गेले की फेसबुक तो नाकारत असे. मग लोकांनी हिकमत लढवली. कोणी बातमीच्या मथळ्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, टाकू लागले. कोणी संकेतस्थळाचे नाव अक्षरे तोडून, टिंबाऐवजी ‘डॉट’ असे लिहून सांगू लागले. कोणी बातमी वाचून तिचा सारांश स्वतःच्या शब्दांत टंकित केला. मेटाने ‘मी सुरक्षित आहे’ असे कळवण्याची आपली सोय चालू केली आणि सरकारी खात्यांची पाने सर्वांना दिसतातच, असे उत्तर दिले. तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी कंपनी लोकांच्या सुरक्षिततेपेक्षा नफ्याला महत्त्व देत असल्याची टीका केली.

स्क्रीनशॉट ही तडजोड वरवर निरुपद्रवी दिसते, पण जरा जवळून पाहण्यासारखी आहे. दुव्यावर बोट ठेवले की मूळ पान उघडते, तारीख दिसते, आग पसरल्यावर संपादकाने केलेली दुरुस्तीही दिसते. स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणी गोठलेला मथळा. परवाचा रस्ता बंद असल्याचा मथळा आज फिरत राहिला तर तो खोटा नसतो, तरी माणसाला चुकीच्या रस्त्याला लावतो. शिवाय चित्रातली अक्षरे जुळवून खोटा मथळा तयार करणे शाळकरी मुलालाही जमते, आणि तो तपासायला बोट ठेवण्याची जागाच नसते. गंमत म्हणजे बंदी इतक्या काटेकोरपणे राबवूनही बातमी फेसबुकवरून गेलीच नाही. ती फक्त आपला पत्ता, तारीख आणि मालक गमावून चित्राच्या रूपात राहिली, आणि ज्याने ती मिळवली त्याच्या संकेतस्थळावर एकही वाचक पोहोचला नाही.

विनोदाची गोष्ट तर याहून मासलेवाईक आहे. कॅनडात ‘बीव्हर्टन’ नावाचे व्यंगात्मक वृत्तपत्र २०१० पासून ऑनलाइन निघते. बातमीच्या गंभीर साच्यात निखालस खोट्या बातम्या लिहून राजकारण्यांची आणि स्वतः कॅनेडियन लोकांच्या सवयींची टर उडवणे हे त्याचे काम. हिवाळा, हॉकी, टिम हॉर्टन्सची कॉफी, आणि चूक समोरच्याची असली तरी आपणच ‘सॉरी’ म्हणणे, हे त्या विनोदाचे नेहमीचे खाद्य. ज्या देशातल्या ऑन्टारियो प्रांताला २००९ मध्ये कायदा करून सांगावे लागले की दिलगिरी व्यक्त करणे म्हणजे न्यायालयात दोष कबूल करणे नव्हे, तिथे या विनोदाला तोटा पडण्याचे कारण नाही. मेटाच्या बंदीत हे वृत्तपत्रही अडकले. जे कधीच घडले नाही ते लिहिणारे वृत्तपत्र बातमी म्हणून बंद झाले, यावर त्याच्याच लेखकांना आणखी काही रचण्याची गरज उरली नसावी.

पण ही केवळ यंत्राची चूक म्हणून सोडून देता येत नाही. कायद्यात बातमीची व्याख्या ‘सार्वजनिक हिताच्या चालू घडामोडींची माहिती देणारा, शोध घेणारा किंवा त्या समजावून सांगणारा कोणत्याही स्वरूपातला मजकूर’ अशी आहे. आता एखाद्या मंत्र्याच्या घोषणेवरची तिरकस टिप्पणी त्या घोषणेचा अर्थ कित्येकदा सरळ बातमीपेक्षा स्पष्ट करते, हे आपल्याकडे व्यंगचित्रे पाहत मोठ्या झालेल्या कोणालाही सांगायला नको. कंपनीच्या वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर शंका आली की बंद करणे हेच शहाणपणाचे ठरते, कारण एक विनोद जास्त बंद झाला तर दंड नाही, पण एक बातमी सुटली तर कायद्याच्या कक्षेत ओढले जाण्याचा धोका आहे. विद्यार्थ्यांनी चालवलेली विद्यापीठांची वर्तमानपत्रेही याच न्यायाने गेली. वसतिगृहातल्या जेवणाबद्दलची तक्रार आणि विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीचा निकाल हेही बातमीच ठरले.

आता सभ्यतेकडे वळू. बातम्या गेल्यामुळे कॅनडातले फेसबुक शांत झाले असेल, भांडणे कमी झाली असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. बातमीखालच्या प्रतिक्रियांची अवस्था वाईट होती, हे खरेच. सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१५ च्या अखेरीस मूळनिवासी समाजाविषयीच्या बातम्यांखालील प्रतिक्रिया बंद केल्या, कारण वंशद्वेषी मजकुराचे प्रमाण हाताबाहेर गेले होते. त्यानंतर तिने आपल्या संकेतस्थळावर प्रतिक्रिया देणाऱ्याला खरे नाव देणे बंधनकारक केले. जून २०२१ मध्ये तिने फेसबुकवरील आपल्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया आधी महिनाभरासाठी प्रयोग म्हणून बंद ठेवल्या आणि मग तो प्रयोग लांबवला. पत्रकारांना, विशेषतः स्त्रिया आणि अल्पसंख्याक समाजांतील पत्रकारांना, होणारा शिवराळ छळ हे कारण दिले गेले. म्हणजे मेटाने बातमी काढून टाकण्याच्या दोन वर्षे आधी सीबीसीनेच बातमीखालचा ओटा बंद केला होता. या निर्णयावर तेव्हा टीका झाली, पण मला तो समजण्यासारखा वाटतो: दिवसभर शिव्या वाचून त्या पुसण्यासाठी माणसे नेमावी लागत असतील, तर ती माणसे बातमीदारीच्या कामाला लावणे अधिक बरे.

फरक एवढा की सीबीसीने वाद बंद केला आणि बातमी ठेवली, मेटाने बातमी बंद केली आणि वाद ठेवला. कारण बंदी वृत्तसंस्थांवर आहे, राजकारणावर नाही. पक्षांची पाने, नेत्यांच्या चित्रफिती, मीम बनवणारे गट, ‘सत्य तुमच्यापासून लपवले जात आहे’ असे ठणकावून सांगणारे स्वयंघोषित विश्लेषक, हे सगळे जिथल्या तिथे आहेत. मॅकगिल आणि टोरांटो विद्यापीठांच्या संशोधकांनी बंदीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास केला. कॅनेडियन वृत्तसंस्थांच्या मजकुराला फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मिळणारा प्रतिसाद सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले, आणि तरीही बातम्यांवर बंदी आहे हे ठाऊक असणारे कॅनेडियन फक्त २२ टक्के निघाले. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा हाच आहे. पानातून एखादी गोष्ट काढली आणि तिची जागा रिकामी ठेवली तर ती गेल्याचे लक्षात येते. समाजमाध्यमात रिकामी जागा नसते. बातमी गेली की त्याच क्षणी तिथे मांजराची चित्रफीत किंवा एखाद्या नेत्याचे भाषण येते, आणि वाचणाऱ्याला काही कमी झाल्याची जाणीवही होत नाही.

२८ एप्रिल २०२५ ची संसदीय निवडणूक ही अशा वातावरणात झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक. त्या काळात फेसबुकवर सीबीसीच्या पानासारखी हुबेहूब दिसणारी जाहिरात अनेकांच्या समोर आली. तिच्यात पंतप्रधान मार्क कार्नी मुलाखतीत आभासी चलनाच्या एखाद्या योजनेची शिफारस करताना दिसत. चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली, योजना लुबाडणुकीची. खऱ्या सीबीसीला त्याच फेसबुकवर ‘ही जाहिरात आमची नाही’ अशी बातमी दाखवता येत नव्हती, कारण ती बातमी झाली असती. खोटी सीबीसी मात्र जाहिरात असल्यामुळे बंदीच्या कक्षेबाहेर होती आणि तिचे पैसेही मेटाला मिळत होते.

कॅनडातल्या मराठी माणसाने काय करावे, याचे उत्तर साधे आहे. वर्तमानपत्राचे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ थेट उघडावे, ते कुठेही बंद नाही. गूगलवर आणि यूट्यूबवर बातम्या नेहमीसारख्या दिसतात. अनेक दैनिके रोज सकाळी ईमेलवर सारांश पाठवतात, त्याची नोंदणी करावी. हिमवादळात शाळेची बस रद्द झाली का, हे शाळा मंडळाच्या पानावर फेसबुकवरही कळते, कारण शाळा मंडळ ही वृत्तसंस्था नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी मथळ्याचा नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर ‘दुवा पाठवता का?’ असे विचारायला संकोच करू नये. काका-मामांना विचारताना तो थोडा वाटतो, पण दोन-चारदा विचारले की पाठवणारेच सावध होतात.

गूगलच्या पैशांचे वाटप २०२५ पासून सुरू झाले. नियमांनुसार त्यातला जास्तीत जास्त ७ टक्के वाटा सीबीसीला आणि ३० टक्के इतर प्रसारकांना मिळतो, उरलेला ६३ टक्के वर्तमानपत्रांना आणि ऑनलाइन वृत्तसंस्थांना, तोही तिथल्या पत्रकारांनी प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या तासांच्या प्रमाणात. ही पद्धत मला रास्त वाटते, कारण ती वाचकसंख्या किंवा गाजावाजा न पाहता श्रम पाहते. अडचण पात्रतेच्या अटीत आहे. सर्वसाधारणपणे किमान दोन पत्रकार नियमितपणे काम करत असतील अशीच वृत्तसंस्था मोबदल्याला पात्र ठरते. नवरा-बायको मिळून साप्ताहिक चालवत असतील तर दोघे मोजले जातात, पण एकट्याने चालवलेले पत्र बाहेर राहते. कॅनडात स्थलांतरित समाजांच्या भाषांतून निघणारी कित्येक पत्रे अशी एकखांबी आहेत: तोच माणूस बातमी लिहितो, नगर परिषदेच्या सभेला जातो, जाहिरात मिळवतो आणि किराणा दुकानात गठ्ठे नेऊन ठेवतो. त्याचे फेसबुक पान बंद करताना तो वृत्तसंस्था ठरला, पैसे वाटताना ठरला नाही.